बाविसावी ओळ

मागच्या शनिवारी बायको आणि मुलगी माहेरी, बाहेर धो धो पाऊस आणि ऑफिसचा एकही फोन नाही, असा दुर्मिळ योग जुळून आला. अशा वेळी शहाणा माणूस भजी तळतो. मी जुनी हार्ड डिस्क साफ करायला घेतली.

लग्नाचे तेच ते फोटो तीन-तीन फोल्डरमध्ये, कधीच न वाचलेली पीडीएफ पुस्तकं, कुठल्याशा सर्टिफिकेशनचे जुने पेपर... आणि त्यात एक एक्सेल फाईल. नाव 'अंडर१७_फायनल_फायनल२'. ज्याने कंपनीत एकदा तरी रिपोर्ट बनवलाय त्याला फाईलचं असं नाव का पडतं ते सांगायला नको.

उघडली. एकवीस ओळी. प्रत्येक ओळीत एका पोराचं नाव आणि पुढे मार्क. आणि त्याखाली बाविसावी ओळ.

ती वाचली आणि पुढचा तासभर मी खुर्चीतून उठलो नाही.

नीट सांगायचं तर २०१७ च्या ऑक्टोबरात जावं लागेल. पण त्याआधी कळव्याबद्दल थोडं. कळवा म्हणजे ठाण्याच्या पुढचं स्टेशन. फास्ट गाडी इथे थांबत नाही, आमच्याकडे बघतसुद्धा नाही. स्लो येते ती कल्याण-डोंबिवलीपासून भरून येते. त्यामुळे कळव्याच्या माणसाला लहानपणीच कळतं की जागा मिळत नसते, काढावी लागते. काही बहाद्दर तर थेट कारशेडमध्ये जाऊन रिकामी गाडी पकडतात आणि ठाण्याला खिडकीत बसून ऐटीत पोचतात. (मी हे एकदाच केलंय. आईला कळलं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि तरी मार खायचा बाकी राहिलो.)

खेळाचं म्हणाल तर कळवा कबड्डीचं आणि टेनिस बॉल क्रिकेटचं. फुटबॉल पावसाळ्यात, कारण चिखलात क्रिकेट होत नाही. तरीही आमचा एक फुटबॉलवेड्यांचा ग्रुप होता. सकाळी कांजुरमार्गपर्यंतच्या प्रवासात जमलेला. एक आर्सेनलवाला, म्हणजे कायमचा दुःखी. एक बँकवाला, ज्याला प्रत्येक खेळाडूची किंमत पाठ. एक 'मॅनेजर'. हा ऑफिसात मॅनेजर नव्हता, पण 'फुटबॉल मॅनेजर' नावाच्या कॉम्प्युटर गेममध्ये त्याने रात्री जागवून तीनदा चॅम्पियन्स लीग जिंकली होती. आणि एक काका. रेल्वेतून निवृत्त, राहायला आमच्याच खारेगावात, पण मूळ कोल्हापूरचे आणि पाटाकडील तालमीचे कट्टर. प्रॅक्टिस क्लबचं किंवा दिलबहारचं नाव जरी काढलं तरी त्यांचा चहा थंड व्हायचा.

तर त्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्यांचा वर्ल्ड कप भारतात होता. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश. फुटबॉलच्या कुठल्याही फिफा वर्ल्ड कपात भारत पहिल्यांदाच खेळणार! वातावरण असं होतं की १५ सप्टेंबरला राज्य सरकारने दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम केला होता. बारक्याच्या शाळेतही बॉल आले होते.

बारक्या म्हणजे माझा भाचा. ताई समोरच्याच विंगमध्ये राहते, त्यामुळे तो जेवायला तिकडे आणि बाकी सगळा वेळ आमच्याकडे. तेव्हा चौदा वर्षांचा. नावाप्रमाणेच बारका. सोसायटीमागच्या मैदानात रोज संध्याकाळी आणि ठाण्याच्या एका कोचिंगला शनिवार-रविवार सकाळी. शिनगार्ड दप्तरात घेऊन फिरणारा.

६ ऑक्टोबर, शुक्रवार. भारत विरुद्ध अमेरिका, दिल्लीला. आम्ही सगळे माझ्या हॉलमध्ये. काकांनी कोल्हापूरहून आलेला चिवडा आणलेला. कारण संघात त्यांचा पोरगा होता ना, अनिकेत जाधव! कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेला. संघात आणखी एक मराठी नाव होतं, नमित देशपांडे, पण तो अमेरिकेत वाढलेला. काका म्हणाले, "त्यो बी आपलाच, पर अनिकेत घरचा."

आपण ३-० ने हरलो. पण शेवटी शेवटी अन्वर अलीचा शॉट क्रॉसबारवर थाडकन आदळला आणि हॉलमध्ये सगळे उभे राहिले. त्याच हल्ल्यावरून उलट जाऊन अमेरिकेने तिसरा गोल मारला ही गोष्ट वेगळी.

मॅच संपली आणि वाद सुरू झाला. ह्या पोरांमध्ये दम आहे की नाही? कोण पुढे सीनियर इंडिया खेळेल? कोण दोन वर्षांत गायब होईल? आर्सेनलवाला म्हणाला, कोमल थाटल. त्याने आदल्या वर्षी गोव्यात ब्रिक्स स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध गोल मारला होता, तेवढं पुरे होतं. बँकवाला म्हणाला, गोलकीपर धीरज सिंग, युरोपात जाणार. मॅनेजर म्हणाला, असं हवेत बोलू नका, मार्क द्या.

आणि मार्क म्हटल्यावर लॅपटॉप कुणाचा उघडणार? अर्थात माझा.

कॉलम पाडले. वेग. उंची-ताकद. डावा पाय. डोकं. टेम्परामेंट. आणि शेवटी, ठळक अक्षरात, 'पोटेन्शियल'. प्रत्येकी दहापैकी. सेल रंगवले, सरासरीचा फॉर्म्युला टाकला. खाली पैज: प्रत्येकाने पाच नावं द्यायची, सीनियर इंडिया खेळणारी. ज्याची जास्त बरोबर त्याला बाकीच्यांनी मामलेदारची मिसळ खिलवायची. मुदत पाच वर्षं.

आता ह्या शेवटच्या कॉलमबद्दल. मॅनेजरच्या त्या गेममध्ये प्रत्येक खेळाडूचे दोन छुपे आकडे असतात. एक आज तो किती चांगला आहे त्याचा आणि दुसरा जास्तीत जास्त किती होऊ शकतो त्याचा, दोनशेपैकी. गंमत अशी की दुसरा आकडा खेळ सुरू होतानाच ठरलेला असतो. तुम्ही त्या पोराला खेळवा, न खेळवा, तो आकडा हलत नाही. आमची अख्खी पिढी असले गेम खेळून वाढली. त्यामुळे पोराच्या आत कुठेतरी असा एक आकडा लिहिलेला असतो आणि आपल्यासारख्या जाणकाराने तो फक्त वाचायचा असतो, असं आम्हाला अगदी मनापासून वाटायचं.

काकांनी मार्क द्यायला नकार दिला. अनिकेतला दहा, बाकी सगळे कोरे. आम्ही फार मागे लागलो तेव्हा म्हणाले, "मार्क कसले देतायसा रं? वर्षाला मॅचा किती मिळत्यात त्ये लिवा की. आमच्या शाहू स्टेडियमवर पोरगं चांगलं हाय का न्हाई ते पब्लिक सांगतंय, पर त्याला आधी उतरवाय लागतंय न्हवं?"

आम्ही हसलो. काकांचा कॉलम टाकला नाही. डेटाच नव्हता.

९ तारखेला सोमवार असूनही सगळे पुन्हा हजर. कोलंबियाविरुद्ध मध्यंतरापर्यंत ०-०. मग त्यांनी एक मारला. आणि ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनचा कॉर्नर, जेक्सन सिंगचं हेडर, गोल! भारताचा वर्ल्ड कपातला पहिला गोल. बारक्या सोफ्यावरून उडाला तो थेट काकांच्या अंगावर. खालच्या मजल्यावरचे जोशी वर विचारायला आले की काय झालं. त्यांना सांगेपर्यंत, म्हणजे अक्षरशः पुढच्याच मिनिटाला, कोलंबियाने दुसरा गोल मारला होता.

जेक्सनला मी पाच दिले होते. शेऱ्यात लिहिलं होतं, 'उंच आहे, पण मंद. संघात उशिरा आला. पुढे अवघड.' गोलनंतरही मी ते बदलले नाहीत. एका गोलने काय होतं, असं म्हणालो. माणूस एकदा एक्सेलमध्ये शिरला की निष्ठुर होतो.

१२ तारखेला घानाने ४-० ने धुतलं आणि आपला वर्ल्ड कप संपला.

मग उरलेल्या स्पर्धेवर आम्ही जाणकार म्हणून लक्ष ठेवलं. २५ ऑक्टोबरला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सेमीफायनल होती, माली विरुद्ध स्पेन. दिवाळीची सुट्टी होती म्हणून बारक्यालाही नेलं. कळव्याहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्सहार्बरने नेरूळ. स्पेन ३-१ ने जिंकलं. मालीच्या दुकूरेचा एक लांबून मारलेला शॉट बारला लागून आत पडला होता, पण पंचांनी गोल दिलाच नाही. परतीच्या गाडीत वाद एकच, ह्या स्पेनवाल्यांमध्ये उद्याचा स्टार कोण? आम्ही एकमुखाने कप्तान आबेल रुईझ. त्याने दोन गोल मारले होते. तिसरा गोल मारणाऱ्या मुलाबद्दल आम्ही म्हणालो, बरा आहे, विंगर आहे, असे खूप असतात. तो फेरान टोरेस. पुढे मँचेस्टर सिटी आणि मग बार्सिलोनाला गेला. रुईझही चांगला व्यावसायिक खेळाडू झाला, पण तुमच्यापैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय सांगा.

तर त्या गाडीत, बहुतेक घणसोलीच्या आसपास, कुणीतरी म्हणालं की बारक्यालाही घ्या रे लिस्टमध्ये. हशा झाला. बारक्याही हसला. "मामा, मला किती?" मी म्हटलं, घरी जाऊन बघू.

आणि घरी जाऊन मी खरंच बघितलं. आता ह्याचं कारण काय सांगू? त्याच आठवड्यात माझं अप्रेझल झालं होतं. समोरच्या साहेबांनी फॉर्ममध्ये माझ्या पोटेन्शियलपुढे 'मध्यम' अशी टिक केली होती. कारण विचारलं तर म्हणाले, तसं काही नाही, ओव्हरऑल. मी ज्या प्रोजेक्टवर दोन वर्षं होतो तिथे जुन्या सिस्टिमचे बग मिटवण्यापलीकडे काही कामच नव्हतं. पण 'मध्यम' मी होतो, प्रोजेक्ट नाही. डोक्यात ते घोळत होतं. आणि तशा डोक्याने मी रात्री साडेअकराला, पोरगं समोरच्या विंगमध्ये झोपलेलं असताना, बाविसावी ओळ भरली.

वेग ६. उंची-ताकद २. डावा पाय ३. डोकं ६. पोटेन्शियल ४. शेरा: 'मेहनती. पण शरीर नाही. पुढे अवघड.'

निष्पक्षपातीपणाचं समाधानही वाटलं. मामा असून वशिला लावला नाही!

तो लॅपटॉप बारक्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी वापरायचा. हे मला माहीत होतं. ते त्या रात्री आठवलं नाही, एवढंच.

पुढे काय झालं ते तुकड्यातुकड्याने आठवतं. दिवाळीनंतर एका रविवारी तो कोचिंगला गेला नाही. पाय दुखतोय म्हणाला. मग जायला लागला. नववीत शनिवारचा क्लास सुरू झाला. सोसायटीमागच्या मैदानात बांधकामाचे पत्रे लागले. दहावीत ताई-भावजींनी म्हटलं, एक वर्ष फुटबॉल बंद. ते एक वर्ष कधी संपलंच नाही. बहुतेक घरांत असंच संपतं. कुणी मोठ्याने 'नाही' म्हणत नाही.

पैजेचं काय झालं? मुदत २०२२ ला संपली. तोपर्यंत आर्सेनलवाला कॅनडात, बँकवाला पुण्यात, मॅनेजर दोन मुलांचा बाप. मिसळ राहिलीच. मागच्या शनिवारी मी पहिल्यांदाच त्या फाईलसमोर बसून खरा निकाल लावला.

माझ्या पाचांपैकी दोघे बरोबर निघाले. कप्तान अमरजित २०१९ मध्ये सीनियर संघातून खेळला, ह्या बॅचमधला पहिला. आणि सुरेश वांगजाम. सुरेशचं पदार्पण २५ मार्च २०२१ ला ओमानविरुद्ध दुबईत झालं. त्या एका मॅचमध्ये भारताचे दहा खेळाडू पहिल्यांदा खेळले. त्या दहांत जेक्सन सिंगही होता. माझा पाच मार्कवाला, 'मंद', 'पुढे अवघड'. त्याच दहांत आकाश मिश्राही होता. हा आमच्या फाईलमध्ये नव्हताच, कारण २०१७ च्या एकवीसमध्ये त्याची निवड झाली नव्हती. ज्याला ओळच नाही त्याला मार्क कुठून देणार?

पुढे बघा. गोलकीपर प्रभसुखन गिल. फाईलमध्ये त्याच्यासमोर कोरं, शेरा 'एकही मॅच नाही, मार्क नाहीत'. तिन्ही मॅच धीरज खेळला होता. हाच गिल २०२१-२२ च्या आयएसएलमध्ये केरला ब्लास्टर्सकडून खेळून 'गोल्डन ग्लव्ह' घेऊन गेला.

अन्वर अली, तो क्रॉसबारवाला. त्याला सगळ्यांनी आठ-नऊ दिले होते. पण २०१९ मध्ये त्याला हृदयाचा आजार असल्याचं निदान झालं. खेळणं बंद. प्रकरण दिल्ली हायकोर्टापर्यंत गेलं, डॉक्टरांच्या समित्या झाल्या, आणि तो परत मैदानात आला. मार्च २०२२ मध्ये भारताकडून खेळला आणि जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल मारला. ह्यासाठी कुठला कॉलम पाडायचा?

आणि काकांचा अनिकेत. वर्ल्ड कपनंतर महिनाभरातच फेडरेशनने ह्या पोरांचा 'इंडियन ॲरोज' नावाचा संघ मोठ्यांच्या आय-लीगमध्ये उतरवला. पहिल्याच मॅचमध्ये चेन्नई सिटीला ३-० ने हरवलं, त्यातले दोन गोल अनिकेतचे! तो संघ त्या सीझनला शेवटचा आला, लोकांनी नावं ठेवली, पण पोरं दर आठवड्याला खेळत होती. पुढे २०२१-२२ मध्ये अनिकेत हैदराबादकडून आयएसएल जिंकला आणि मार्च २०२२ मध्ये त्याला सीनियर संघातून बोलावणं आलं. तेव्हा काकांनी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले होते. ॲरोज मात्र त्याच वर्षी गुंडाळला गेला.

हे सगळं लिहून काढल्यावर मला काकांचा तो न टाकलेला कॉलम आठवला. मॅचा किती?

म्हणून थोडा हिशेब केला. (शेवटी आपण इंजिनीअर.) २०१४ ला आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावर एका वेळी किमान पाच भारतीय लागायचे. २०१७-१८ पासून सहा. २०२१-२२ पासून सात. एक जागा वाढली म्हणजे काय? त्या सीझनला अकरा संघ होते, साखळीत प्रत्येकाच्या वीस मॅच. ११ गुणिले २० गुणिले ९० म्हणजे १९,८०० मिनिटं. नियमातला एक आकडा बदलला आणि भारतीय खेळाडूंसाठी जवळजवळ वीस हजार मिनिटं तयार झाली. त्या मिनिटांत कुणीतरी चुकलं असेल, कुणाला शिव्या बसल्या असतील आणि कुणीतरी खेळाडू झाला असेल. आमच्या फाईलमध्ये 'पोटेन्शियल' म्हणून जे होतं त्याचा बराच भाग पोराच्या आत नव्हताच, तो असा बाहेर कुठेतरी, दुसऱ्या कुणाच्या हातात होता. कळव्याची गाडी आहे ती. तुमच्यात कितीही दम असो, डब्यात पाय ठेवायला जागा तर हवी.

आणि एक गोष्ट, जी मला तेव्हा माहीत नव्हती. वयोगटाच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, हे अनेक देशांत दिसून आलेलं आहे. कारण साधं आहे. कट-ऑफ १ जानेवारीची असेल तर जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, पण दोघे एकाच गटात. चौदाव्या वर्षी एका वर्षात केवढा फरक पडतो! आपण त्याला ताकद म्हणतो, टॅलेंट म्हणतो. तो निवडला जातो, त्याला मॅच मिळतात, तो खरंच चांगला होतो आणि आपण म्हणतो, बघा, मी सांगितलं होतं.

बारक्याचा जन्म १९ डिसेंबरचा आहे. 'उंची-ताकद २' हे मार्क मी त्याला नव्हे, कॅलेंडरला दिले होते.

आता त्या ओळीबद्दल, जिच्यामुळे मी खुर्चीतून उठलो नाही. फाईल उघडली तेव्हा पोटेन्शियलच्या सेलमध्ये चार नव्हते. सहा होते.

मी चार दिलेले मला पक्कं आठवत होतं. फाईलची शेवटची सेव्ह झाल्याची तारीख बघितली. ५ नोव्हेंबर २०१७, रविवार, सकाळचे साडेनऊ. म्हणजे तो कोचिंगला गेला नव्हता तो रविवार. बाकी काहीच बदललेलं नव्हतं. 'शरीर नाही' हा शेरा तसाच. उंचीचे दोन तसेच. फक्त चारचे सहा.

संध्याकाळी त्याला फोन केला. आता बाविशी ओलांडलीय, भिवंडीला एका गोदामात स्टॉकचं सॉफ्टवेअर सांभाळतो. (हो, शेवटी आमच्याच लायनीत.) फाईलचं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांत. मग हसला.

"हो, मीच केले होते सहा."

"मग दहा का नाही केलेस रे गाढवा?"

"दहा केले असते तर तुला लगेच कळलं असतं ना. सहा खरे वाटले असते."

मला काय बोलावं कळेना. म्हटलं, सॉरी. आठ वर्षांच्या वर उशीर झालाय, पण सॉरी.

"अरे मामा, तुझ्या चारमुळे नाही सोडलं मी. ग्राउंड गेलं, क्लास आले, सगळंच झालं. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस." मग जरा थांबून म्हणाला, "पण चार लक्षात राहिले, हे खरंय. कोचिंगमध्ये शॉट बाहेर गेला की वाटायचं, चारच आहेत आपले."

एवढंच बोलला. आणि मग सहज आवाजात म्हणाला की ते लोक रविवारी सकाळी टर्फवर खेळतात, एक गोलकीपर कमी आहे, येतोस का?

मला माहीत आहे, फॅन लोकांनी वाद घालायचे नाहीत तर काय करायचं? तीच तर मजा आहे. मीही घालणार. पण वाद घालताना तो पोरगा हॉलमध्येच सोफ्यावर बसलेला असू शकतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि दिल्लीतल्या त्या एकवीसजणांच्याही घरी कुणी मामा असतील, लॅपटॉप असतील. सतरा वर्षांच्या मुलाबद्दल 'ह्याचं काही होणार नाही' म्हणायला आपल्याला काहीच लागत नाही. बघता बघता चिवडा खात म्हणून होतं.

ह्या आठवड्यात मला एक फॉर्म भरायचा आहे. टीममध्ये मागच्या वर्षी लागलेली एक मुलगी आहे, कल्याणहून येते. फॉर्मात तोच रकाना, 'पोटेन्शियल', एक ते पाच. शुक्रवारी मी सरळ तीन टाकून मोकळा होणार होतो. सोमवारी आधी हे बघणार आहे की वर्षभरात मी तिला काम काय काय दिलं. मला जे आठवतंय ते फार अभिमानाचं नाही. टेस्टिंग, रिपोर्ट, पुन्हा टेस्टिंग. आकडा तिच्यापुढे टाकायचा की माझ्यापुढे, हा प्रश्नच आहे.

असो. तर आज रविवार, आणि मी सकाळी सात वाजता टर्फवर होतो. ग्लव्ह्ज बारक्याचे. तो आता माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, हे आज नीट बघितलं. डाव्या पायाने त्याने असा एक गोल मारला की मी तिथेच टाळ्या वाजवायला लागलो, आणि मी त्याचाच गोलकीपर असल्याने ते चालून गेलं. दहा मिनिटांत तीन गोल खाल्ले. गुडघा सोलला. दम लागून मी जाळीला टेकलो आणि त्याला विचारलं, "काय रे, मामाला किती देशील?"

त्याने बाटली माझ्याकडे फेकली.

"आधी अर्धा तास खेळ. मग बघू."